बाहेर बसणाऱ्याची दही-साखर

सुनीताचा फोन आला तेव्हा मी बांचं अंग पुसत होते. बा म्हणजे सुरतेत मी जिच्याकडं राहून सेवा करते ती म्हातारी बाई. "मावशी, आई गेली," एवढंच सुनीता बोलली. फोन ठेवला, मग बांना थंडी वाजेल म्हणून राहिलेली पाठ पुसली, पावडर लावली, साडी नेसवली. थकलेल्या माणसाचं रडणंसुद्धा हातातलं काम उरकायची वाट बघत बसतं.

खरात सिस्टरना जाऊन आता दीड महिना होत आला. जालन्याच्या ज्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य घातलं, तिथं मी काही वर्षं आयाबाई होते. माझी शाळा सातवीत सुटली. त्यांच्याबद्दल कुणी शिकलेल्यानं लिहायला हवं होतं, पण त्यांची लेक सुनीता म्हणाली, आई तुझ्याजवळ जास्त बोलायची, तूच लिही. म्हणून बसले आहे.

ओळख झाली ती माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला. अपेंडिक्स दुखून आलं म्हणून टेंभुर्णीहून एसटीनं त्याला जालन्याला आणलं होतं. खाटेला 'एनबीएम'ची पाटी लटकवलेली. तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही, हे आम्हा सासूसुनांना नीट समजावून सांगितलेलं. सकाळी मी नळावर गेल्ते, तेवढ्यात भुलीचे डॉक्टर येऊन विचारून गेले, काही खाऊ घातलं का? सासूबाई ठामपणे न्हाई म्हणाल्या. मग सिस्टर आल्या. त्या खाली वाकून सासूबाईंजवळ बसल्या आणि घरच्या बाईनं विचारावं तसं म्हणाल्या, "आजी, शकुनाचं काय दिलं लेकराला?"

"दही-साखर दिली ना बाई, वाटीभर. पोटचा गोळा सुरीखाली धाडायचा, तो काय तसाच धाडू?"

सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी शकुन म्हणजे खाणं नव्हतंच. ही गोष्ट सिस्टरना ठाऊक होती, म्हणून 'खाल्लं का' असं त्या कधी विचारत नसत. भुलीत पोटातलं वर येतं, छातीत उतरतं, माणूस टेबलावरच गुदमरतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. ऑपरेशन पुढं ढकललं. डॉक्टर चिडले. नवरा खाटेवर कण्हत होता आणि मी भिंतीला टेकून उभी होते, आता हा वाचत न्हाई असं धरूनच चालले होते. संध्याकाळी स्ट्रेचर आलं तर सासूबाईंचा हात पुन्हा गाठोड्याकडं. सिस्टरनी वाटी काढून घेतली. म्हणाल्या, "आता ही तुम्ही खायची, त्याच्या नावानं. बाहेर बसणाऱ्यानं खायची, असंच असतं इथं." असं तिथं काही नव्हतं, त्यांनी ते त्या घडीला काढलं होतं. आडनाव विचारल्याशिवाय कुणाच्या घरचं पाणी न पिणाऱ्या माझ्या सासूबाईंनी सिस्टरनी तळहातावर ठेवलेली दही-साखर मुकाट्यानं खाल्ली. नवरा वाचला.

पुढं त्यांनीच मला तिथं कामाला लावलं. गॉजच्या घड्या घालता घालता शिकवत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागलंच तर. मी घाबरट, सारखी विचारायची, चुकलं तर? त्या म्हणत, "चुकेल वाटलं की विचार. विचारणारीच्या हातून माणूस मरत न्हाई." त्या दिवसापासून ती तिथली चालच झाली होती; ऑपरेशन असलं की नातेवाइकांत दही-साखर आता मीच वाटायची. एकदा त्यांना विचारलं, खरंच काही होतं का यानं? त्या जोडे काढून पाय चोळत बसल्या होत्या. "पेशंटला काय होणार? अगं, बाहेरच्याचा हात रिकामा राहिला की तो पेशंटच्या तोंडाकडं जातो. त्या हाताला काम द्यायचं, बस."

नवऱ्याला सुरतेत काम लागलं, आम्ही इकडं आलो. गुजराती मला येत नव्हती, रस्ता ओलांडायची भीती वाटायची. पण बांच्या फाईलवर पहिल्यांदा टीडीएस पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या अक्षरांवर आमचं घर चाललं. मी क्वचितच फोन करायची, तर सिस्टर टोमणा मारत, "मी काय एसओएस आहे का गं? दुखल्यावरच आठवते मी." शेवटचा फोन त्यांचाच आला. पोटात गाठ निघाली होती. "उद्या ऑपरेशन. आत्तापासून एनबीएम लावलं मला. तू येऊ नको, तुझ्या म्हातारीला कोण बघंल? तिथंच खा माझ्या नावानं." मी सकाळी आंघोळ करून दही-साखर खाल्ली. दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्यानंतर दही नजरेसमोर नको झालं. पेशंटला काय होणार, हे त्यांनीच सांगितलं होतं... तरी मनात येई, मग मी खाल्लं कशाला?

मागच्या आठवड्यात बा पडल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात गेले तर खाटेला तीच पाटी. आणि बांची सून उशाशी उभी, हातात रुमालानं झाकलेली वाटी. इकडंही ही चाल आहे. 'खिलाया क्या' असं माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. "भाभी, शगुन का क्या दिया?"

"अभी देती हूँ," ती म्हणाली आणि रुमाल काढू लागली.

मी वाटी धरली. बाहेर बसणाऱ्यानं खायचं, असंच असतं, म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं, बांकडं पाहिलं, मग बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसली. एक चमचा स्वतः खाल्ला. दुसरा न विचारता माझ्या तळहातावर ठेवला... बांना आत नेलं होतं, ऑपरेशनच्या खोलीत दिवा लागला होता. माझेही हात रिकामेच होते.

मी खाल्लं. दही आंबट होतं, साखर अजून विरघळली नव्हती.