दोराचं खालचं टोक

झाडावर चढतो तो गडी आणि खाली दोर धरते ती नुसती बाई, असं आमच्याकडं सगळेच समजतात. माझा नवराही समजायचा. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी त्याच्याबरोबर झाडं छाटत हिंडले. कुणाच्या पत्र्यावर आलेली चिंच, कुणाच्या विजेच्या तारेला टेकलेला लिंब. तो कंबरेला दोर बांधून, पाठीला कोयता खोचून वर जायचा आणि लोक तोंड वर करून बघत राहायचे. खाली माझ्याकडं कुणाचं लक्ष जायचं ते फक्त चहा कुणी आणायचा हे ठरवताना.

जाड फांदी तोडून तशीच सोडता येत नाही. खाली पत्रे असतात, भिंती असतात, माणसं असतात. म्हणून फांदीला जाड नाडा बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली घ्यायचा आणि खालच्या माणसानं बुंध्याला दोन वेढे मारून त्याचं टोक धरायचं. फांदी तुटली की वजन बुंधा पेलतो. खालचा माणूस हळूहळू ढील देतो आणि फांदी अलगद उतरते. ही ढील मी द्यायचे. संध्याकाळी टपरीवर नवरा सांगायचा, "म्या उतरवली, लेकरासारखी." मी शेजारी उभी राहून ऐकायचे.

पुढं त्यानं पेट्रोलवर चालणारी करवत घेतली. कटर म्हणायचा तिला. घरात आल्यावर तिच्यावर फडकं टाकायचा, मला हात लावू द्यायचा नाही. कानस घेऊन तिच्या साखळीचा एकेक दात घासायला मात्र मीच. ते काम त्याला बायकी वाटायचं.

अशात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. सगळे त्याला भाऊ म्हणतात. मांजरसुंब्याला रस्त्याकडेच्या ढाब्याजवळ त्याचा दोन पुरुष उंचीचा फलक लावला होता. गॉगल, जोडलेले हात, सगळं यथासांग. पण समोरच्या लिंबाची एक फांदी आडवी आल्यामुळं अर्धा चेहरा झाकला जात होता. मला ते लिंबाचे उपकारच वाटले. कार्यकर्त्यांना वाटले नाहीत. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं.

नवरा कटर घेऊन वर गेला. मी नेहमीसारखे बुंध्याला वेढे मारले. तेवढ्यात कडक इस्त्रीतले चौघेजण आले. एक पाचवा मोबाइलवर चित्रण करत होता.

"वैनी, बाजूला व्हा. भाऊच्या कामाचा व्हिडिओ हाय, त्यात बाई दोर धरून उभी, बरं दिसतं का?"

"धरा की मग," मी म्हणाले. "पण वेढे काढू नका."

"एवढीशी फांदी! चौघं हाव की आमी."

वेढे असले की ताकद दिसत नाही ना. त्यांनी ते सोडले आणि रस्सीखेचीला उभं राहावं तसे छाती काढून उभे राहिले. मी वर बघितलं. म्हटलं, हा तरी काही बोलेल.

"हो गं बाजूला," तो वरून ओरडला. "मान्सं हाईत की ती!"

मी बाजूला झाले.

फांदी तुटली. पहिला माणूस तोंडावर पडला, दुसरा त्याच्यावर, बाकीच्या दोघांनी दोर सोडून दिला. फांदी पडता पडता फिरली, तिचा बुडखा नवऱ्याच्या पायावर आदळला आणि शेंडा फलक फाडत खाली गेला. नवरा फांदीवरून निसटला आणि कंबरेच्या दोराला लोंबकळू लागला. कटर हातातून सुटून खाली आपटला. वर नवरा नुसता "आई, आई" करत होता. आणि त्या चौघांनी आधी काय उचललं? फलक! भाऊंच्या गॉगलवरची माती एकजण रुमालानं पुसत होता.

मी साडी वर खोचली, पडलेल्या फांदीचा नाडा सोडवून त्याचं टोक कंबरेला बांधलं आणि चढले. माहेरी शेळ्यांमागं बाभळीवर चढून मी वाढले होते. सासरी आल्यावर ते शोभत नाही म्हणून बंद झालं होतं, एवढंच. वर जाऊन त्याच्या काखेखालून नाडा घेतला, गाठ मारली, दुसरं टोक बेचक्यातून खाली सोडलं. ढाब्यावरचा भाकरी थापणारा पिठाच्या हातानं धावत आला होता. त्याला म्हणाले, "बुंध्याला दोन वेढे मारा आन् मी सांगीन तशी ढील द्या." मग नवऱ्याच्याच पाठीचा कोयता काढून त्याच्या कंबरेचा दोर तोडला. भाकरीवाल्यानं बरोबर ढील दिली. कार्यकर्ते याचंही चित्रण करत होते.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. नडगी दोन ठिकाणी मोडली होती. दुसऱ्या दिवशी पुढारी केळी घेऊन आला. फोटोसाठी केळी माझ्या हातात दिली, नीट निघाला नाही म्हणून परत घेतली, परत दिली. प्लॅस्टरमधला माझा नवरा अर्धा उठून हात जोडत म्हणाला, "भाऊ, तुमी आलात, लई झालं." मोडलेल्या पायाचं मला वाईट वाटत होतं. त्या जोडलेल्या हातांची मात्र किळस आली.

जाताना पुढारी मला म्हणाला, "वैनी, असल्या कामात खाली हुशार गडी पायजेत."

"हुते की भाऊ. तुमचेच हुते."

त्याला ती तारीफ वाटली. हसत हसत गेला.

पाय बरा झाला, पण वाकडा बसला. चढणं संपलं. घरी बसून तो करवतीकडं बघत राहायचा आणि माझ्यावर खेकसायचा. शेवटी पालीहून एक काम आलं तेव्हा मीच वर गेले. गाव बोलायचं ते बोललं. दोर धरायला तो आला, कारण दुसरं कुणी बाईच्या हाताखाली काम करायला तयार नव्हतं. पहिल्याच फांदीला ढील द्यायच्या जागी त्यानं ओढलं आणि दोन्ही तळवे सोलून घेतले. रात्री मला ते दाखवत बसला, जणू जगात दोरानं पहिल्यांदाच कुणाचे हात सोलले होते.

पुढच्या वाढदिवसाला नव्या फलकाआड येणारी फांदी तोडायला बोलवायला तीच माणसं पुन्हा आली. मी तेव्हा एका बाभळीवर होते. मी काही बोलायच्या आत हा खालून म्हणाला, "येऊ की! भाऊचं काम म्हंजे घरचं काम."

"आमी येणार न्हाई," मी वरून ओरडले. "फांदी तुमची तुमी तोडा. चौघं हाव की तुमी."

ती माणसं तोंडं वाकडी करून निघून गेली. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. कामाचं काही अडलं नाही. दोन वेढे मारायचे आणि ढील द्यायची, एवढं त्याला आता जमतं. शिवाय वर चढलं की त्याचं तोंड दिसत नाही.