पंपावरचा ओला खण

आमच्या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं. आठशे सीसीला चार कमी, कार्बोरेटरचं, पेट्रोलवर चालणारं. आता तुम्ही म्हणाल, ह्या म्हातारीला हे कुणी शिकवलं? कुणी नाही. यजमान गेले आणि गाडीच्या कप्प्यात त्यांची वही सापडली, पानांना तेल लागून पलीकडचं दिसायला लागलेलं. गाडीच्या इंग्रजी पुस्तकातलं सगळं त्यांनी आपल्या बारीक अक्षरात मराठीत उतरवून ठेवलं होतं. प्लगची फट पाऊण मिलिमीटर. तेल तीन लिटरला थोडं कमी. थंडीत चोक ओढावा, पण आत ढकलायला विसरलं की मागून काळा धूर. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल गेली की गाडी मिसिंग करते, म्हणजे तिघांतला एक काम सोडून बसतो आणि बाकीचे दोघं त्याला ओढतात. एका पानावर नुसतं एवढंच: ‘उन्हाळा. पंपात पेट्रोलची वाफ. ओलं फडकं टाका. वाट बघा.’

साठी उलटल्यावर मी गाडी शिकले, बरं का. लेक म्हणाली, आई, भंगारात दे. मी म्हटलं, आधी मला दे.

त्या वहीतली एक ओळ मात्र मला आवडत नाही. सिलिंडर पेट घेतात तो क्रम: एक, तीन, दोन. ओळीनं नाही घेत ते. आणि आम्ही बहिणी तिघी. थोरली किडनीनं गेली. मग मधलीला सोडून आजार धाकटीकडे वळला. मधली मी. मी त्या पानाला टाचणी लावून ते मिटवून टाकलं, पण वाचलेलं थोडंच पुसता येतं?

धाकटी राहते वैरागला, एकटी. सोलापूरला माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणायची, “माजी म्हस कोन बगनार?” आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला सोलापुरात आणायचं. मशीन दुपारी दोनचं मिळालेलं. डायलिसिस झालं की रात्री माझ्याकडे निजायची आणि सकाळी ताजीतवानी होऊन एसटीनं परत जायची. पण येताना तिला एसटी जमायची नाही, अंगात पाणी साठून दम लागायचा. म्हणून मी सकाळी गाडी घेऊन जायची आणि भर दुपारी तिला घेऊन यायची. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं, दिवसाला चार पेले. मे महिन्यात, आपल्या सोलापूरच्या उन्हात, चार पेले! मी गाडीत पाण्याची बाटली ठेवणंच सोडलं. तिची नजर बाटलीवरून हलायची नाही.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती माळाच्या लांब चढानंतर. दोन आचके दिले आणि गप्प. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डाव्या हाताला एक जुनी विहीर, शेजारी गुरांना पाणी पाजायची दगडी डोण, आणि एका चौथऱ्यावर शेंदूर लावलेले सात दगड. आसरा. आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पाण्यातल्या सात बहिणी, दुपारी बाराला बाहेर येतात, त्या वेळी विहिरीजवळ बाईमाणसानं जाऊ नये म्हणतात. आणि गाडीतल्या घड्याळात बारा.

मी बॉनेट उघडलं, वाट बघितली. वीस मिनिटांनी चालू झाली. म्हटलं, वाफ धरली असेल.

दुसऱ्या वेळी तिथंच. तिसऱ्या वेळीही तिथंच, त्याच डोणीसमोर, जणू कुणी दावं बांधून ठेवलंय. सकाळी जाताना मी त्याच चौथऱ्यासमोरून एकटी सुसाट जायची, तेव्हा काही नाही. दुपारी बहीण शेजारी बसलेली असली की बंद.

“आक्का,” ती म्हणाली, “बांगड्या वाजत्यात बग.”

“इंजिन गार होताना पत्रा कडकडतो गं. तो आवाज.”

“पत्रा कुटं असा वाजतो? बोलिवत्यात त्या मला. पी म्हनत्यात.”

“त्यांना म्हणावं, चार पेल्यांचा हिशेब डॉक्टरला द्यायचाय. तुम्ही येता का सांगायला?”

ती हसली नाही. मीही खरं तर हसले नव्हते. डोण काठोकाठ भरलेली होती. आसपास पंप नाही, मोट नाही, आणि विहीर तर पार तळाला गेलेली. कोण भरत होतं ती? गुराखी भरत असेल. मला कधी दिसला नाही एवढंच.

चौथ्या वेळी मी बॉनेटखाली वाकले होते आणि मागं वळून बघते तर ही दार उघडून डोणीकडे चाललेली. अनवाणी. त्या तापलेल्या मातीवर पाय भाजायला हवेत, पण ही आपली सावकाश, माहेरच्या अंगणात चालावी तशी. गाडी आत्ता, या घडीला चालू व्हायला हवी. फडकं हवं, आणि फडकं मी घरी विसरलेली. समोर चौथऱ्यावर एक हिरवा खण होता, कुणीतरी ओटी भरून ठेवलेला. मी तो उचलला, डोणीत बुडवला आणि पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. पंपातून चर्र आवाज आला. ती तोवर डोणीच्या काठाशी पाण्यात बघत उभी. पाच मिनिटांत गाडी चालू. बहिणीला दंडाला धरून आत बसवली आणि सुटले.

सोलापूर जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “आक्का, तू आसरांचा खन उचललास?”

“परत ठेवीन की.”

“त्यांच्या अंगावरचं कापाड तू गाडीला नेसवलंस.”

दवाखान्याच्या आवारात मी बॉनेट उघडलं. तापलेल्या इंजिनावर पाऊण तास, ते ऊन, तो वारा; खण पापडासारखा वाळायला हवा होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. गार पाणी. रेडिएटर तपासला, काठापर्यंत भरलेला, नळी कुठं फुटलेली नाही. शिवाय त्यातलं पाणी हात भाजेल असं असतं. मी खण पिळला, घरी नेऊन खिडकीत वाळत घातला आणि हे कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वेळी बहीण गाडीत बसेचना. “न्हाय येनार मी,” दाराची चौकट धरून म्हणाली. “त्या राग धरून बसल्यात.” मी समजावलं, भांडले, रडले. ते डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा श्वास ऐकला. दोन शब्दांमागे एक उसासा. आणखी एक चुकलं तर काय होतं, हे थोरलीच्या वेळी मी बघितलेलं होतं.

मी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले, माळाच्या चढानंतर आसरांपुढेच बंद पडते म्हणून सांगितलं. तेलुगू घरातला माणूस, त्याचा बाप मागावर बसायचा. मशीनचा आवाज ऐकूनच दोष सांगतो. त्यानं पंप सोडवला आणि मला हाक मारली.

“मावशी, पंप आणि इंजिनाच्या मध्ये जाड पॅकिंग असतं, उष्णता अडवायला. ते कुठाय? इथं कुणीतरी नुसता कागद घातलाय. चढ चढला की पंप तापतो, पेट्रोल उकळतं, गाडी बंद. तुम्हाला कुणी अडवत नव्हतं.”

“पण दर वेळी त्याच जागी कसं?”

“चढ त्याच जागी संपतो की!”

केवढा हलकेपणा वाटला म्हणून सांगू! त्यानं जाड पॅकिंग बसवलं. मग पाऊण तासातही न वाळलेल्या त्या खणाबद्दल विचारावं की नको अशी मी घुटमळले, आणि नाही विचारलं. त्यावर बसवायचं पॅकिंग मिस्त्रीकडे नसतं.

बहिणीनं अट घातली. खण परत ठेवायचा, तिच्या हातानं ओटी भरायची, आणि तीही बाराला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचे पाय सुजून घोट्याचं हाड दिसेनासं झालेलं.

चढ संपला, गाडी थांबली नाही. डोणीसमोर मीच थांबवली. गाडी चालूच ठेवायची असं ठरवून आले होते. तापलेलं इंजिन बंद करून लगेच चालू करणं म्हणजे वाफेला आमंत्रण. पण ती म्हणाली, “बंद कर. त्यांच्या दारात धडधड नको.”

मी किल्ली फिरवली, काढून घेतली. इंजिन थांबेना. किल्ली हातात, आणि ते आपलं थडथड, थडथड चाललेलं, सगळी गाडी हलतेय. जुन्या इंजिनात काजळी साठली की असं होतं, वहीत लिहिलंय. काजळी निखाऱ्यासारखी तापते आणि ठिणगीवाचून पेट्रोल पेटवते. माहीत असूनही मी हातातल्या किल्लीकडे पुन्हा बघितलं. मग एक आचका देऊन ते गप्प झालं, आणि एवढी शांतता पडली की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

तिनं खण ठेवला, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. मग डोणीपाशी बसली. मी बॉनेटपाशी उभी. तिनं ओंजळ भरली. मी मुठीतली किल्ली घट्ट आवळली. ओंजळ तोंडापर्यंत गेली. तिथंच थांबली, आणि तिनं एकदम मागं वळून गाडीकडे बघितलं. पाणी सोडून दिलं, पदराला हात पुसत जवळजवळ पळतच आली, आत बसली, दार ओढून घेतलं. मग मी बसले, किल्ली लावली. पहिल्या फिरकीला गाडी चालू झाली.

दवाखान्यात मशीन लागल्यावर दोन तासांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मी विचारलं, “प्यायली नाहीस ना गं?”

“पिले असते मी. लई गोड वास येत हुता त्याला. पर तू गाडी चालू केलीस. मला वाटलं, आक्का मला टाकून निगाली.”

त्या वेळी किल्ली माझ्या मुठीत होती, तळव्यावर तिचे दाते उमटलेले मी नंतर बघितले. बंद करताना जी थडथड झाली तीच तिच्या कानात राहिली असेल. तसंच असेल.

“मग?” मी म्हटलं. “पुढच्या वेळी चटकन बसत जा. मी थांबायची नाही.”

“व्हय गं बाई,” ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

गाडी मी चालू केलीच नव्हती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पुन्हा चौकट धरून बसेल, आणि दोनचं मशीन कुणासाठी थांबत नाही. आता ती दाराशी पिशवी घेऊन उभीच असते, मी हॉर्न द्यायच्या आधी.