निळीत बुडवलेल्या बारा कोंबड्या

लग्न झालं तेव्हा मी सातवी पास होते, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. तिवस्याजवळच्या आमच्या खेड्यात पाहुणा आला, की पाण्याच्या तांब्याबरोबर माझी सातवीही त्याच्यासमोर ठेवली जाई. ठेवणारी मीच.

पहिलं माहेरपण आटोपून मी अकोल्याहून निघाले, तेव्हा मायनं टोपल्यात सात तलंगा घालून दिल्या. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. पांढऱ्याशुभ्र, बोटाएवढ्या मानेच्या. घारीपासून आणि मुंगसापासून मायनं त्या अडीच महिने राखल्या होत्या. मोटारीत टोपलं मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईच्या पदरातले फुटाणे वाटेत एकीनं टिपून खाल्ले, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, टोपल्यात डोकावल्या.

"सात? अन् ठेवशीन कुठी?"

"आपल्या खुराड्यात."

"खुराडं का माह्या एकटीचं हाय? पाच जनी राह्यतात तिथं. त्याइले इचारलं का?"

त्या पाच जणी आत्याबाईंच्या जुन्या, मुरलेल्या कोंबड्या. त्यांची पुढारीण तांबडी. कुत्र्यालाही ओट्यावरून खाली उतरवायची. तिच्यावर आत्याबाईंचा फार जीव. त्यांनी मला मुदत घातली, "येत्या बाजारापर्यंत नांदल्या तं नांदल्या. नाही तं साती बाजारात. मले आंगनात रोज रगत पाह्यचं नाही."

बाजार आठ दिवसांवर होता. मायच्या कोंबड्या विकल्या गेल्या, तर पुढच्या खेपेला तिला कोणतं तोंड दाखवू, हा माझ्यापुढचा प्रश्न. पण मला काळजी वाटली नाही. सातवी पास ना मी!

आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. वस्तीतल्या सभेत मी समतेवर भाषण केलं होतं आणि टाळ्याही पडल्या होत्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानात वाजत होत्या. दुसऱ्या दिवशी एकाच परातीत ज्वारीच्या कण्या घातल्या, बाराही जणींना भोवती सोडलं आणि सांगितलं, "आजपासून इथं लहानमोठं कोणी नाही. सगळ्यांची एक पंगत."

तांबडीनं भाषण पूर्ण ऐकून घेतलं. मग सगळ्यांत लहान तलंगेची मान पकडली.

दोन दिवसांत त्या लहानीच्या मानेवर पीस उरलं नाही. तेव्हा मी साती जणींना अंगणातल्या डाल्याखाली कोंडलं. डालं म्हणजे बांबूची मोठी टोपली. ती पालथी घातली की आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरच्याला आत शिरता येत नाही. तलंगा सुखरूप राहिल्या, पण डालं उचललं रे उचललं, की तांबडी हजर. असे आणखी दोन दिवस गेले.

पाचव्या दिवशी माझी सातवी जागी झाली. कोंबड्या भांडतात का? कारण नवी कोण, जुनी कोण, ते त्यांना कळतं. ते कळणंच बंद केलं तर? घरात नीळ होती. पौर्णिमेला नेसायच्या पांढऱ्या लुगड्यांसाठी आत्याबाई ती जपून ठेवत. त्या कापूस वेचायला गेल्यावर मी घमेल्यात सगळी नीळ कालवली, आणि धरली एकेक कोंबडी, की बुडव. तलंगा आभाळासारख्या निघाल्या. तांबडी पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली. काळी होती ती काळीच राहिली, नुसतीच ओली आणि फार नाराज.

मग मी त्यांना अंगणात मोकळं सोडलं आणि कौतुकानं ओट्यावर बसले.

कोंबडी ओळख ठेवते ती रंगरूपावरून, हे मला कोणत्याच इयत्तेत शिकवलं नव्हतं. तांबडीला कोणीच ओळखेना, आणि ती कोणाला ओळखेना. वर्षानुवर्षं एका दांडीवर झोपलेल्या मैत्रिणी एकमेकींच्या डोक्यावर चढल्या. आधी पाच जणी मिळून सात जणींना मारत होत्या. आता बारा जणी बारा जणींना मारायला लागल्या. समता आली होती खरी, पण ती माराची.

शेजारीण कुडावरून बघत होती. "काहून वं, आता अंडे बी निळेच देतीन काय?"

तेवढ्यात आत्याबाई कापसाचं गाठोडं घेऊन आल्या. त्यांनी अंगण पाहिलं, गाठोडं टाकलं आणि तोंडाला पदर लावून खालीच बसल्या. मला वाटलं, रडताहेत. जवळ गेले तर हसू आवरत नव्हतं बाईला.

"काहून केलं वं हे?"

"त्या समान दिसाव्यात म्हणून."

"अवं शिकलेले, एक सांग. त्या लहान्या पोरी तू डाल्याखाली कोंडल्या. त्याइनं कोनाले मारलं होतं?"

"कोनालेच नाही."

"मंग मारनारी मोकळी अन् मार खानारी कोंडलेली, हे कोनत्या पुस्तकात हाय?"

त्या उठल्या, आपली लाडकी तांबडी धरली आणि तिलाच डाल्याखाली घातलं. कण्या एका जागी न घालता अंगणात तीन कोपऱ्यांत टाकल्या. "एक जन तीन जागी राखन कशी करन?"

पुढारीण आत गेली तशा बाकीच्या चौघी मवाळ झाल्या. पाणी कुठं, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली सावली कुठं, ते तलंगांना दोन दिवसांत कळलं. तांबडी डाल्यातून सगळं बघत शिव्या देत होती. मी मुद्दाम तिच्याजवळ बसून भाजी निवडायची. मी काही फार मोठ्या मनाची नव्हते.

बाजाराच्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी डालं उचललं. तांबडी बाहेर आली, पंख झटकले आणि आपल्या नेहमीच्या कोपऱ्याकडे निघाली. तिथं नेमकी ती बोडक्या मानेची लहानी कण्या टिपत होती. मी धावले, तर आत्याबाईंनी माझा दंड पकडला. "थांब."

तांबडीनं चोच उगारली. एकदाच टोचलं, तेही असं तसं. लहानी वीतभर सरकली आणि पुन्हा खायला लागली. दोघी शेजारी-शेजारी, एक जांभळी, एक निळी.

"एक टोचा चालते," आत्याबाई म्हणाल्या. "घरात तेवढं चालतेच."

मायच्या साती जणी राहिल्या.

आत्याबाईंनी बाजाराचं रिकामं टोपलं उचललं आणि माझ्याकडे वळल्या. "कोंबड्या तं नाही नेत. पन काही तं न्यावं लागन. हात दाखव."

माझे हात कोपरापर्यंत निळे होते. चार दिवस राखेनं घासूनही.

"चाल, तुलेच नेतो. निळी सून कोनी घेते काय पाह्यतो."

गेले मी, हात पदराखाली लपवून. उपयोग शून्य. वाटेत भेटेल त्या प्रत्येकीला त्यांनी थांबवून पदर वर करून दाखवला. घेतलं मला कोणीच नाही. परतताना मात्र आत्याबाईंनी बांबूचं एक नवं डालं माझ्या डोक्यावर दिलं, जुन्यापेक्षा बरंच मोठं.

"हे काहून, आत्याबाई? तांबडीले तं जुनं पुरते."

"हे तुह्यासाठी," त्या म्हणाल्या. "पुन्हा तुह्यं डोकं चाललं तं."