मांडवातला सत्कार

त्या दुपारची गोष्ट सांगायला बसलो की अजून तोंडाला कोरड पडते. लाजही वाटते.

मंठा तालुक्यातल्या एका गावाबाहेर दोन खोल्यांची सरकारी शाळा होती. आठवी ते दहावी, सगळी मिळून वीसेक मुलं, सगळी मजुरांची. रविवारी सकाळी तिथल्या मुख्याध्यापिका शाळेचं जनरल रजिस्टर छातीशी धरून माझ्या पोलीस ठाण्यात आल्या.

"साहेब, माझ्या शाळेतल्या दहावीच्या मुलीचं आज लग्न लावून राह्यलेत. पंधरा पूर्ण न्हाईत. मैत्रिणीला म्हणली, लग्न लागलं तर विहीर जवळ करीन. मी निरोप धाडलाय तिला, पोलीस येतील, घाबरू नको."

रजिस्टरमधली जन्मतारीख पाहिली, स्टेशन डायरीला नोंद घेतली, बालविवाह रोखायची जबाबदारी असलेल्या ग्रामसेवकाला बोलावलं. बाईंना आणि महिला शिपायाला जीपमध्ये गावाबाहेर थांबवलं. मी साध्या कपड्यात आत जाऊन नवरी कुठे आहे ते पाहणार, मग इशारा करणार. योजना झकास होती. माझी मिशी आणि पोट अख्ख्या तालुक्याच्या ओळखीचं आहे, एवढंच मी विसरलो होतो.

मांडवात पाय ठेवतो तोच माईक कडाडला, "आपल्या ठाण्याचे साहेब वधू-वरांना आशीर्वाद द्यायला आलेत! नवरीच्या मामांनी फेटा बांधून त्यांचा सत्कार करावा!"

नको म्हणावं की काय करावं, या विचारात मी खुर्चीवर बसलो. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मामाने चांगला ऐटीत फेटा बांधला. टाळ्या संपतात न संपतात तोच आतल्या खोलीतून बायकांचा कल्ला उठला. नवरी जागेवर नव्हती.

मामाला आचाऱ्याच्या चुलीमागे घेतलं. "कुठं लपवली पोरगी?"

"आईची आन साहेब, आम्हीच हुडकून राह्यलो. तुम्हाला फेटा बांधून राह्यल्तो ना मी! मंग लपवीन कवा?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी दोनदा दरडावलं, दुसरं काही सुचत नव्हतं.

बाईंचं विहिरीचं बोलणं आठवलं. मळ्यातल्या विहिरीत जीपवरच्या हवालदाराने गळ सोडला. गळ अडकला. चौघांनी ओढला. वर आला तो सडका पाइप. पुन्हा सोडला. मुलीची आई काठावर बसून पाण्यात पाहत तिला नावाने हाका मारत होती.

मी जीपकडे धावलो. "बाई, शाळेशिवाय ती कुठं जाते?"

"कुठंच न्हाई. घर आन शाळा. आमच्याकडं शिपाई न्हाई, पोरीच पाळीनं कुलूप काढतात..." बाई एकदम थांबल्या. "साहेब, या आठवड्याची किल्ली तिच्याकडंय."

शाळेच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती. मी दार वाजवलं. "पोरी, पोलीस आहे. उघड."

आतून आवाज आला. "माहितीय. खिडकीतून पाह्यलं तुम्हाला मांडवात. सकाळपून तुमचीच वाट पाहून राह्यल्ते. मामानं फेटा बांधला, तुम्ही बांधून घेतला. मंग विहिरीवर गेल्ते. पाणी पाहून भ्या वाटलं."

फेटा तेव्हाही माझ्या डोक्यावर होता.

माझ्यासाठी कडी निघाली नाही. बाईंनी हाक मारली तेव्हा निघाली. आईबाप, मामा आणि नवऱ्याकडच्यांवर गुन्हा दाखल झाला. बालकल्याण समितीने मुलीला वसतिगृहात ठेवलं, दहावीची परीक्षा तिने तिथूनच दिली.

माणसं पोलिसाचं बोलणं ऐकतात, असं मी नोकरीभर समजत होतो. भ्यालेलं माणूस ऐकत नाही. पोलीस कुणाजवळ जाऊन बसला, ते पाहतं. पुढे कुठेही गेलो तरी आधी ज्याच्यासाठी आलो त्याला गाठायचो. बाकीच्यांचा चहा थंड झाला तर होऊ दे.

अहवालात मी लिहिलं, 'पोलिसांनी तत्परतेने मुलीची सुटका केली.' वरिष्ठांनी शाबासकी दिली. ती पोर पाण्याला भ्याली म्हणून वाचली. त्यात माझा काही हात नव्हता.