दोर तुटलेली लिफ्ट

आमच्या घरात विज्ञानाची सोपी पुस्तकं फळीभर आहेत. प्रत्येकाच्या कव्हरावर 'गणिताशिवाय' नाहीतर 'अगदी पहिल्यापासून' असं काहीतरी लिहिलेलं. सगळी ह्यांनी आणलेली, आणि सगळी गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणापर्यंतच मळलेली. पुढची पानं कोरी करकरीत!

हे लिफ्ट मेकॅनिक, आणि तेही हाडाचे. उभं आयुष्य लिफ्टच्या टपावर उभं राहून, हाताला ग्रीस फासून काढलं. आमची लेक विश्वाचा अभ्यास करते. अवकाश वाकतं म्हणे, तारे त्याला वाकवतात. तिचा फोन आला की माझ्याशी तासभर गप्पा, बाबांशी मात्र "जेवलात?" "जेवलो." संपलं. हे ह्यांच्या मनाला फार लागलं. एकदा म्हणाले, "पोरगी दिवसभर करते काय, तेच मला ठाऊक नाही. कसला बाप मी!" आणि पुस्तकं आणायला लागले.

पण मेलं प्रत्येक पुस्तक एकाच जागी अडायचं. 'समजा, तुम्ही लिफ्टमध्ये आहात आणि दोर तुटला.' झालं! ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात. "कोण हा शहाणा? एक दोर असतो होय लिफ्टला? आणि सगळे तुटले तरी खालचे जबडे रुळांना घट्ट धरतात. वीतभरही खाली जात नाही!" की पुस्तक बंद. मी समजावून थकले. धंद्याची अब्रू ना ती!

मग लेकीनंच नवशिक्यांसाठी पुस्तक लिहायला घेतलं. परवा सुट्टीला आली ती छापील पानं घेऊन. म्हणाली, "बाबा, पहिले वाचक तुम्ही." ह्यांची छाती अशी फुगली, काय सांगू! चष्मा पुसला, खिडकीशी बसले, मला चहाची ऑर्डर सोडली. चहा उकळतोय तोच बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला.

"तूसुद्धा? लिफ्टवाल्याची पोर असून?"

"बाबा, ही नुसती कल्पना आहे!"

"मग कल्पनेत तरी मेंटेनन्स नीट ठेवा!"

मला हसू फुटलं, पण पोरीचा चेहरा पडला होता. पानं गोळा करत म्हणाली, "तुमच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुम्हालाच कळत नसेल तर नको ते पुस्तक." ती खरंच पिशवीत कोंबायला लागली. बाप खिडकीबाहेर बघत बसला. दोघं एकाच मुशीतले, हट्टी! माझं डोकं फिरलं. "माझ्या घरात नका भांडू. लिफ्टचं भांडण ना? मग जा, लिफ्टमध्ये जाऊन भांडा!"

पोर माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि न्हाणीघरातला वजनकाटा काखोटीला मारून निघाली. त्या काट्याशी मी केव्हाच अबोला धरलाय, पण मागोमाग मीही गेले.

सगळ्यात वरच्या मजल्यावर तिनं बाबांना काट्यावर उभं केलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली तशी सुई झटकन मागे आली. मग लिफ्ट एका वेगानं चालू लागली आणि सुई परत जागेवर.

"यात नवीन काय?" हे म्हणाले. "निघताना अंग हलकं होतं. माझ्या पायांना रोज कळतं."

"आणि याहून जोरात निघाली तर?"

"अजून हलकं."

"त्याहूनही जोरात? धरणारं कुणीच नसेल तर?"

जबडे धरत नाहीत, हे वाक्य त्या तोंडानं जन्मात उच्चारलं नव्हतं. लिफ्ट खाली टेकली, दार उघडलं, बाहेरचे शेजारी आत डोकावले. ह्यांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"शून्य," हे म्हणाले. "काटाही पडतोय, मीही पडतोय, दोघं सारखेच. मग मी त्याला दाबणार कसा? सुई शून्यावर."

"आणि दार बंद असेल, तर तुम्ही पडताय की दूर अवकाशात नुसते तरंगताय, हे आतून कळेल?"



"नाही. कसं कळणार? आतल्याला दोन्ही एकच." मग लेकीकडे न बघताच म्हणाले, "दोरावर उगाच राग काढत होतो गं. खरं तर भीती वाटायची. मला कळलंच नाही, तर तू कायमची लांब जाशील."

पोरीनं त्यांचा हात धरला. मला रडू आलं. शेजारी अजून दाराशी ताटकळलेले.

ह्यांनी डोळे पुसले आणि काट्यावरून खाली उतरले. "पुढचं प्रकरण दे."

"लिहिलं नाही, बाबा. तुम्हाला हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलं होतं."

ह्यांनी शेजाऱ्यांना आत घेतलं आणि आमच्या मजल्याचं बटण दाबलं.

"मग चल, लिहायला बस. मी थांबलोय."