चालवून बघितलेला प्रोसेसर

अक्काला मन्नाएखेळ्ळीत हायवेलगत ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकायचं होतं. गाळा ठरला होता, खुर्चीही आली होती. कॉम्प्युटर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. माझा विषय इतिहास आहे, याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मी मोबाइलवर जमेल तेवढं वाचलं. त्यातून एक गोष्ट कळली, निदान मला तसं वाटलं. ज्याच्या आतच ग्राफिक्स आहे असा स्वस्तातला प्रोसेसर घेतला, तर पडद्यावर चित्र दिसायला वेगळं कार्ड लागत नाही. अर्ज, जमिनीच्या पहाणीचे उतारे, प्रिंट यांना तेवढं पुरतं. चुकीचं यंत्र आलं आणि दुकान चाललं नाही, तर अक्का परत लोकांच्या सोयाबीनला रोजानं जाणार होती. म्हणून मी तेच पुन्हा पुन्हा वाचत बसले.

बीदरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात अक्का आणि माझ्यासोबत मामाही आले. मामा बैलबाजारातले जाणकार. त्यांच्याशिवाय आमच्याकडे मोठी खरेदी होत नाही. दुकानदारानं दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड पुढं ठेवलं. मामांनी ते हातावर तोललं.

"हे वजनदार हाय बघ."

"मामा, ते बहुतेक लागत न्हाई," मी फळीवरच्या लहान खोक्याकडे बोट दाखवत म्हणाले. "ह्या प्रोसेसरच्या आतच..."

"एवढंसं? खिशात हरवंल की."

"सस्तं घेऊन पुढं पस्तावशील, बेटा," दुकानदार म्हणाला. 

मामांनी आपला नेहमीचा नियम काढला. "चालवून दाखवा. ओझं घालून."

"अण्णा, खोक्यातला प्रोसेसर कसा चालवू?"

"न चालवता बैल कोण घेतंय?"

 मी दुकानदाराला विचारलं, "तुमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरात कोणता आहे?"

त्यानं काउंटरखाली बघितलं. "आतल्याच ग्राफिक्सचा. कार्ड न्हाई त्यात. आमचं काय, बिलं, टायपिंग, मेल."

"आन् हिला काय कुस्ती खेळायची हाय व्हय?" मामा म्हणाले.

अक्का काउंटरमागं जाऊन बसली. तिनं पहाणीची साइट उघडली, परीक्षेचा अर्ज उघडला, कन्नडमध्ये नाव टाइप केलं, मराठीत पत्ता टाकला, फोटो लहान करून चढवला, प्रिंटही सोडली. काहीच बंद केलं नाही. मामा काउंटरखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून वाकले होते.

"दम लागंना ह्याला," ते म्हणाले.

एवढ्यात एक गिऱ्हाईक माउस घेऊन बिलासाठी येऊन उभं राहिलं.

"अक्का, बिल करायचंय. जरा उठता का?" दुकानदारानं विचारलं.

"थांबा की," अक्का पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "माझी प्रिंट यायलीय."

दुकानदारानं गिऱ्हाइकाला स्टूल दिलं आणि फळीवरचा प्रोसेसरचा लहान खोका खाली काढला.