पुढचे दोन सिलिंडर

महाडात पुराचं पाणी ओसरलं की बुडालेल्या गाडीच्या स्टार्टरला पाय लावायचा नाही, हे इथं सगळ्यांना कळतं. आधी प्लग काढायचे, इंजिनात शिरलेलं पाणी बाहेर काढायचं, गढूळ ऑइल सोडून नवं भरायचं, नाहीतर पिस्टनचे रॉड वाकतात. दुसरी गोष्टही सगळ्यांना कळते. घरातला, अंगणातला चिखल ओला आहे तोवरच धुवायचा. सुकला की पहार लागते.

असं असताना मी, जुन्या स्पेअर पार्टचा धंदा करणारा माणूस, सख्ख्या भावाची जीप आत पाणी असतानाच चालू करायला गेलो आणि कायमची बंद पाडली, मारली, असं दादाने बाजारभर सांगितलं. गिऱ्हाईक माझ्याच दुकानात उभं राहून विचारायचं, “शेट, भावाची जीप मारलीत ती तुम्हीच ना?” वर हसायचं. मी तापट आहे. दोन-तीन गिऱ्हाइकं मी पायरीवरून खाली उतरवली. पण त्यामुळे दादाचं खोटं काही पुसलं गेलं नाही, आणि गिऱ्हाइकं गेली ती गेलीच.

ती पेट्रोलवरची जुनी जीप. पायाखालच्या बटणाने सुरू होणारी. पोलादपूरहून कुडपणच्या चढावर दादा ती चालवायचा आणि मी मागच्या पायरीवर लटकून माणसं, तांदळाची पोती, कोंबड्यांच्या पाट्या भरायचो. भाव करायला मी त्या पायरीवर शिकलो. पुढे दुकान टाकलं ते माझ्या जोरावर. जीप दादाकडे राहिली, आणि एका मोठ्या पुरात बोनेटच्या वरपर्यंत बुडाली.

पाणी उतरल्यावर मीच तिचे प्लग काढले. चारही सिलिंडर कोरडे केले. महाडातली दुकानं चिखलात होती, म्हणून नवे प्लग आणि ऑइल आणायला पोलादपूरला गेलो. परत येऊन सगळं बसवलं, सीटवर बसलो आणि बटणावर पाय दिला. इंजिनाने एक हिसका दिला आणि ते जागच्या जागी थांबलं.

“रॉड वाकवलास,” दादा म्हणाला. “पाणी काढलंस नाय आणि पाय दिलास.”

“सगळं काढलंय. परत प्लग खोलू दे, बघू काय ते.”

“हात लावू नको. जीव घेतलास तिचा.”

तेव्हाच खोललं असतं तर तासाभराचं काम होतं. दादाने चावी खिशात घातली आणि जीप गोठ्याच्या कडेला ढकलली. त्यानंतर त्याच्या अंगणात मी चहा घेतला नाही.

यंदा कळलं, की दादा ती भंगारात घालतोय. भंगारवाला माझ्या ओळखीचा. त्याला मी थांबवलं आणि इतक्या वर्षांनी दादाच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

“सौदा करायला आलायस?” दादा बाजेवरूनच म्हणाला.

“हो. इंजीन इथंच, तुझ्यासमोर खोलतो. एक जरी रॉड वाकडा निघाला, तर मी मारली असं भर बाजारात सांगेन. सरळ निघाले, तर गाडी विकायची नाय. इंजीन मी बांधणार.”

“आणि नाय म्हटलं तर?”

“तर दादा खोलायला घाबरतो, असं मी सांगणार.”

दादा उठला, बाज ओढत जीपजवळ गेला आणि परत बाजेवर बसला. म्हणजे खोल.

हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, नट गंजले होते. गंज सोडवायला तेल घालून वाट बघावी लागली, दोन तुटलेच. हेड उचललं आणि मी आत बघितलं. मागचे दोन सिलिंडर गंजाने लाल होते, पण मोकळे. पुढच्या दोन्हींत मात्र पिस्टनवर गाळाचा थर बसला होता, भाजलेल्या मातीसारखा घट्ट.

“हा बघ,” दादा म्हणाला. “पुराचा गाळ. काढला नव्हतास.”

“पुराचा असता तर चारात सारखा असता. पूर काय पुढचे दोनच बघून शिरला?”

वहिनी दादाचा चहा घेऊन आल्या होत्या. त्या वाकून बघत अगदी सहज म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही पोलादपूरला गेलात ना, तेव्हा ह्यांनी पाइप लावून धुतली होती. पुढून. बोनेटवर केवढा चिखल होता! सुकला असता तर निघाला असता काय?”

प्लगची भोकं तेव्हा वर उघडीच होती. पुढच्या जाळीतून शिरलेल्या पाण्याबरोबर बोनेटखालचा चिखल पुढच्या दोन भोकांतून आत गेला होता.

मी दादाकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. त्याला हे ठाऊक होतं की तो विसरला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. जीभ शिवशिवत होती, पण मी खाली वाकून काम सुरू केलं.

चारही रॉड काढून गुण्याच्या सरळ कडेला लावून तपासले. सरळ होते. मी ते पुसून त्याच्या बाजेवर ओळीने ठेवले. त्याने एकेक उचलून डोळ्यासमोर धरला, परत ठेवला आणि म्हणाला, “रिंगा कुठून आणशील?”

मला एक शब्द हवा होता. तो सोडून त्याने रिंगांचं विचारलं.

पिस्टनच्या रिंगा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाल्या. सिलिंडर घासून घेतले, बेअरिंगं बदलली, हेड बसवलं. सगळे दिवस दादा बाजेवर होता. नट हातात द्यायचा, बोलायचा कामापुरतं.

शेवटी चावी त्याने माझ्यापुढे धरली. “बस. तू पाय दे.”

त्या सीटवर मी त्या दिवसानंतर बसलो नव्हतो. बटण दाबलं. इंजीन खोकलं, धूर आला, मग सुरू झालं. आधी अडखळत, नंतर कुडपणच्या चढावर चालायचं तसं. दादा बोनेटवर पंजा ठेवून उभा होता.

इंजीन बंद केल्यावर वहिनींनी सवयीने नळाला पाइप जोडला. गाडीवर कित्येक वर्षांची धूळ होती.

दादाने पुढे होऊन पाइप त्यांच्या हातातून घेतला आणि नळ बंद केला.

“राहू दे गो,” तो म्हणाला. “पाणी नको.”

मग फडकं घेऊन तो स्वतःच धूळ पुसायला लागला. मी चहा मागितला.